यंत्रांची सावड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चोवीस आणि चौदा या दोन आकड्यांत फरक किती? शाळेतले पोरही सांगेल, दहाचा. पण १९८७ साली याच दोन आकड्यांवरून दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये मोठा खल झाला आणि त्यातून भारतातल्या संगणकशास्त्राला एक वेगळे वळण लागले. अमेरिकेतल्या क्रे कंपनीचे महासंगणक त्या काळी जगात नावाजलेले होते. भारताला त्यातला 'एक्स-एमपी २४' हवा होता. अमेरिकेने बरीच घासाघीस केली आणि शेवटी, तोही हवामानाच्या अंदाजापुरता, 'एक्स-एमपी १४' देऊ केला. या क्रमांकातला पहिला आकडा प्रोसेसर किती ते सांगतो आणि दुसरा स्मृती केवढी ते सांगतो. म्हणजे मागितले होते दोन प्रोसेसर आणि मिळाला एक. जे यंत्र पावसाचे गणित मांडते तेच अणुबाँबचे आणि क्षेपणास्त्राचेही मांडू शकते, ही त्यामागची धास्ती.

पुढची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांनी दिला नाही म्हणून आपण बांधला. पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम' तयार झाला आणि देशाची मान उंचावली. ही गोष्ट खरी आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे. परंतु ती अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात ढोलताशे नाहीत. पुष्कळ लहान यंत्रांनी मिळून एक मोठे काम करायचे तर ती यंत्रे कोणाला, कधी, किती वेळ द्यायची आणि मधेच एखादे काढून घ्यावे लागले तर चालू कामाचे काय करायचे, अशा कटकटीच्या प्रश्नांचा तो भाग आहे. मी ठाण्याला वर्तकनगरात राहतो आणि उमेदीची सगळी वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणक शिकवण्यात गेली. वर्गात मुले 'परम'चा वेग विचारत. वाटपाबद्दल कोणी विचारत नसे. म्हणून आज वाटपाबद्दलच बोलायचे ठरवले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात सी-डॅकचे काम सुरू झाले तेव्हा त्यांच्यापुढे तीन वर्षांची मुदत होती. क्रेसारखा एकच बलाढ्य प्रोसेसर घडवायचा तर त्याला लागणारे कारखाने आणि तंत्र आपल्याकडे नव्हते. मग दुसरा मार्ग उरला. बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर घ्यायचे आणि ते एकमेकांना जोडून कामाला लावायचे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर'च्या रूपाने असा प्रयत्न आधीच सुरू झाला होता. सी-डॅकने इंग्लंडमधल्या इन्मॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' निवडला. या चिपला चार बाजूंना चार जोडण्या असत. जणू दोन्ही हात आणि दोन्ही पाय पसरून शेजाऱ्यांना धरून उभा असलेला माणूस. अशी माणसे एकमेकांना धरत गेली की हवे तेवढे मोठे जाळे विणता येते. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. 'परम' हा शब्द संस्कृत खराच, शिवाय 'पॅरलल मशीन' या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही त्यात बसतात.

आता एक आकडेवारी पाहा. २५६ ट्रान्सप्युटर जोडलेल्या परम ८००० चा कागदावरचा वेग होता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी. प्रत्यक्ष काम करताना मात्र तो सातत्याने सेकंदाला १० ते २० कोटी आकडेमोडी करी. यात परमची काही नामुष्की नाही. त्या काळातल्या साऱ्या समांतर यंत्रांची कमीअधिक प्रमाणात हीच कथा होती. पण मग ८० कोटी आकडेमोडी गेल्या कुठे?

काही वाट पाहण्यात गेल्या आणि काही निरोप पोचवण्यात. समजा, महाराष्ट्राच्या हवामानाचे गणित करायचे आहे. नकाशाचे चार तुकडे केले आणि कोकण एका यंत्राला, देश दुसऱ्याला, मराठवाडा तिसऱ्याला, विदर्भ चौथ्याला दिला. चौघेही आपापल्या तुकड्यापुढच्या दहा मिनिटांचे गणित करतात. पण ढग काही जिल्ह्याची हद्द मानत नाही. कोकणातून वर चढलेले वारे सह्याद्री ओलांडून देशावर उतरतात, तेव्हा कोकणच्या यंत्राने सीमेवरचे आकडे देशाच्या यंत्राला कळवावे लागतात. ते मिळाल्याशिवाय देशाला पुढच्या दहा मिनिटांकडे जाता येत नाही. घाटमाथ्याचे गणित अवघड असल्याने एक यंत्र मागे पडले की बाकीचे तिघे हात बांधून बसतात. शिवाय काही काम असे असते की ते वाटताच येत नाही. पुरण शिजून वाटून होईपर्यंत पोळ्या लाटायला दहा जणी जमल्या तरी उपयोग नसतो. जीन अॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली ही मर्यादा मांडली होती. कामाचा दहावा हिस्सा न वाटता येणारा असेल, तर हजार यंत्रे लावूनही वेग दहापटीपलीकडे जाणार नाही, असा तो हिशेब आहे.

इथवर यंत्रे निदान एका खोलीत, एका मालकाची होती. खरी गंमत पुढे आहे. १९८० च्या दशकात विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून एक नवे यंत्र टेबलांवर आले. त्याला 'वर्कस्टेशन' म्हणत. घरगुती संगणकापेक्षा पुष्कळ दणकट, स्वतःचा पडदा आणि स्वतःची स्मृती असलेले आणि तारेने शेजारच्या यंत्रांशी जोडलेले. प्राध्यापक महाशय दिवसा त्यावर चार ओळी टंकित, मग व्याख्यानाला जात, जेवायला जात, संध्याकाळी घरी जात. यंत्र चालूच. रात्रभर पडद्याखेरीज कोणाशीच त्याचे बोलणे नाही. आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एखादा संशोधक विद्यार्थी आपले गणित महिनाभर चालणार म्हणून कपाळाला हात लावून बसलेला.

ही परिस्थिती आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. ज्याच्या दावणीला एकच बैल आहे त्याला एकट्याने औत धरता येत नाही. म्हणून तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. दोघांचे मिळून एक औत होते. आज तुझे रान, उद्या माझे. त्याहून मोठा प्रकार म्हणजे इर्जिक. साऱ्या गावाची औते एकाच्या शेतात उतरतात आणि काम दिवसात उरकते. बैल ज्याचा त्याचाच राहतो, फक्त तो रिकामा उभा राहत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रांची अशी सावड बसवली. १९८८ साली त्यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली आणि नाव दिले 'काँडोर', म्हणजे अमेरिका खंडातले एक प्रचंड गिधाड. आकाशात घिरट्या घालायच्या आणि कुठे रिकामे यंत्र दिसले की त्यावर उतरायचे. पण या गिधाडाला एक सभ्य नियम होता. मालकाने येऊन कळफलकाला हात लावला की तत्काळ उठायचे. मालकाला आपले यंत्र कोणी वापरत होते याची जाणीवही होता कामा नये, नाहीतर उद्या तो यंत्र देणारच नाही. उठताना जिथवर काम झाले तिथवरची पूर्ण नोंद बरोबर घ्यायची आणि दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर तिथून पुढे सुरू करायचे. सावडीतला बैल मधेच परत न्यावा लागला, तर नांगर कुठल्या तासात थांबला त्याची खूण ठेवण्यासारखेच हे.

वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींमध्ये ज्यांनी दिवस काढले, त्यांना वाटपाचे हे शास्त्र शिकवावे लागत नाही. टाकी एक, बिऱ्हाडे अनेक आणि पाण्याची वेळ ठरलेली. कोणी आधी भरायचे, आजारी माणूस असलेल्या घराला सवलत द्यायची का, एकाने दोन पिंपे भरली तर काय, हे सगळे कुठेही न लिहिता ठरलेले असते. पाणी वाढवणे आपल्या हातात नसते, वाटणे असते. संगणकाच्या भाषेत यालाच साधनांचे व्यवस्थापन म्हणतात.

आता या कथेतला पेच येतो. एकीकडे काँडोरसारख्या वाटप करणाऱ्या व्यवस्था तयार झाल्या. दुसरीकडे, अगदी त्याच वर्षांत, अनेक यंत्रांनी मिळून एकच काम करण्याची साधने तयार झाली. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९८९ साली 'पीव्हीएम' हे साधन सुरू झाले. जाळ्यातली वेगवेगळ्या जातीची यंत्रे जणू एकच यंत्र आहे असे समजून कार्यक्रम लिहिण्याची सोय त्यात होती. १९९४ साली 'एमपीआय' हा सर्वांना मान्य असा संकेत ठरला. यंत्रांनी एकमेकांना निरोप कसे पाठवावेत याची ती सामाईक बोली. आजही जगातले मोठे महासंगणक हीच बोली बोलतात.

दोन्ही गोष्टी आपापल्या जागी उत्तम. पण त्या एकत्र आणायला गेल्यावर भांडण लागले. वाटप करणारा म्हणे, यंत्र मालकाचे आहे, मी ते कधीही काढून घेईन. समांतर कार्यक्रम म्हणे, मी चार यंत्रे धरून बसलो आहे, त्यातले एक मधेच गेले तर माझा सगळा डाव मोडेल. आपल्या नकाशाचेच उदाहरण घ्या. देशाचा तुकडा सांभाळणाऱ्या यंत्राचा मालक सकाळी कचेरीत आला आणि त्याने यंत्र परत घेतले. झाले, कोकणाचे यंत्र सीमेवर निरोपाची वाट पाहत उभे आणि मराठवाड्याचेही. एकट्या कामाची नोंद ठेवून ते दुसरीकडे हलवणे सोपे. पण चार यंत्रांमध्ये निरोप वाटेवर असताना एकाला हलवायचे, तर वाटेवरच्या निरोपांचे काय? पत्र टाकले आणि घर बदलले, अशी गत. एमपीआयच्या पहिल्या आवृत्तीत तर सुरुवातीला जितके कामकरी नेमले तितकेच शेवटपर्यंत असा दंडक होता. मधे कोणी यायचे नाही आणि कोणी जायचे नाही.

यातून वाट काढण्याचे काम १९९० च्या दशकात मॅडिसन आणि म्युनिक अशा दोन ठिकाणी झाले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मंडळींनी 'कोचेक' नावाची रीत बसवली. साऱ्या यंत्रांनी एकदम थांबायचे, वाटेवरचे सगळे निरोप पोचू द्यायचे, मग सर्वांची एकत्र नोंद घ्यायची. मॅडिसनमध्ये लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली. त्यांनी वाटप करणारा आणि काम करणारा यांना एकमेकांशी बोलायला लावले. तोवर कार्यक्रमाला यंत्रे वरून नेमून दिली जात आणि तो मुकाट कामाला लागे. आता तो चालू असतानाच विचारू शकत होता, 'मला या प्रकारचे आणखी एक यंत्र मिळेल का?' आणि वाटप करणारा त्याला कळवू शकत होता, 'तुझे तिसरे यंत्र मी काढून घेत आहे.' कळल्यावर कार्यक्रम त्या यंत्राकडचा अपुरा तुकडा पुन्हा ढिगात टाकी आणि दुसऱ्या कोणाला देई. ज्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात अशा कामाला ही रीत फारच सोयीची ठरली. मुकादम तुकडे वाटतो, गडी येतात जातात, काम थांबत नाही.

१९९८ साली याच गटातल्या राजेश रामन आणि इतरांनी वाटपाची जी पद्धत मांडली, तिला त्यांनी नाव दिले 'मॅचमेकिंग'. मला हे नाव वाचून फार मौज वाटली, कारण पद्धत हुबेहूब आपल्या वधू-वर सूचक मंडळाची आहे. प्रत्येक यंत्र आपली माहिती आणि अपेक्षा नोंदवते. 'स्मृती अमुक, जात अमुक, रात्री आठनंतर मोकळे, परक्यांपेक्षा आमच्या विभागाच्या कामाला पसंती.' प्रत्येक काम आपली नोंदवते. 'स्मृती किमान एवढी हवी, वेग जितका जास्त तितका बरा.' मंडळ फक्त दोघांची गाठ घालून देते. पुढची बोलणी दोघांनी परस्पर करायची आणि पसंत नसेल तर सोडून द्यायचे. कोणावर सक्ती नाही, म्हणूनच लोक आपली यंत्रे द्यायला तयार झाले.

आता पुण्याकडे परत येऊ. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ट्रान्सप्युटरचे दिवस भरत आले होते. इन्मॉसची पुढची चिप रखडत गेली आणि तोवर वर्कस्टेशनमधले साधे प्रोसेसर वेगात तिच्या पुढे निघून गेले. खास चिप घेऊन खास यंत्र बांधायचे तर ते पुरे होईपर्यंत बाजारातला माल सरस ठरलेला असे. सी-डॅकने ते ओळखले. १९९४ सालच्या 'परम ९०००' मध्ये त्यांनी सन कंपनीच्या वर्कस्टेशनमधले प्रोसेसर घेतले. महासंगणक आणि वर्कस्टेशनांचा समूह या दोन्ही पद्धतींची कामे एकाच यंत्रावर चालावीत हा त्यामागचा हेतू होता. त्याच १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातले १६ साधे संगणक साध्या तारांनी जोडून 'बेवुल्फ' नावाचा समूह उभा केला होता. वारे कुठल्या दिशेने वाहत आहेत ते दोन्हीकडे कळले होते.

१९९८ साली 'परम १००००' आला. हा सर्वस्वी समूह होता. सनची बाजारात मिळणारी यंत्रे आणि त्यांना जोडणारे सी-डॅकचे स्वतःचे 'परमनेट' हे वेगवान जाळे. १६० प्रोसेसरांच्या रचनेत वेग सेकंदाला दहा हजार कोटी आकडेमोडींपर्यंत, म्हणजे १०० गिगाफ्लॉपपर्यंत जाई. वृत्तपत्रांनी तो आकडा छापला. पण निरोपांची देवाणघेवाण जलद करणारी, एमपीआयची बोली परमनेटवर बसवणारी आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याला हाताशी लागणारी साधनेही सी-डॅकमध्ये लिहिली गेली होती. बंगळूरच्या सी-डॅकमध्ये राजकुमार बुय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पारमॉन' लिहिले. समूहातले कुठले यंत्र दमले आहे, कुठले रिकामे आहे, कुठल्याची स्मृती भरत आली आहे, हे सगळे एका पडद्यावर दाखवणारी ती व्यवस्था. चाळीसपन्नास यंत्रांच्या समूहात एक यंत्र गुपचूप बंद पडले तर कळणार कसे, हा प्रश्न ज्याने समूह चालवला आहे त्यालाच सुचतो. बुय्या पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि समूह-संगणनावर त्यांनी १९९९ साली संपादित केलेला ग्रंथ जगभर वाचला गेला.

त्याच १९९८ च्या मे महिन्यात राजस्थानात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. आमच्या वर्तकनगराला लागूनच पोखरण रोड आहे. त्या दिवसांत या नावावर कोटी करायची संधी ठाण्यात कोणी सोडली नाही. पण ठाण्याहून फार दूर नसलेल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी तो विनोदाचा विषय नव्हता. अमेरिकेने निर्बंध घातले आणि या केंद्राचे नाव बंदीच्या यादीत गेले. महासंगणक विकत मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. मात्र या केंद्राने १९९१ पासूनच 'अनुपम' नावाची स्वतःची समांतर यंत्रे बांधायला घेतली होती. सुरुवातीला इंटेलच्या आय-८६० प्रोसेसरांवर, मग अल्फा प्रोसेसरांवर आणि पुढे चक्क पेंटियमच्या संगणकांवर. जे संगणक लॅमिंग्टन रोडच्या दुकानात मिळतात त्यांवर बंदी कशी घालणार? महासंगणक ही अडवता येणारी एक वस्तू राहिली नव्हती. ती एक जोडणी झाली होती आणि जोडणीचे ज्ञान पेटीत बंद करता येत नाही. दिल्लीच्या ज्या हवामान केंद्रासाठी तो एक प्रोसेसरचा क्रे आला होता, त्याच केंद्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीस अनुपम बसला. चोवीस आणि चौदाच्या भांडणाला यापेक्षा शांत उत्तर कोणते असेल?

सावड सगळीकडे चालते असे मात्र नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या. प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येकीशी ताडून पाहावा लागतो. जोड्या मोजा, ४३५ होतात. आणि हे काम आकाशातून लहर येते त्याच वेळी करायचे. पूर्वी त्यासाठी खास बनवलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी ते काम लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहाकडे सोपवले. तिथे रिकाम्या यंत्राची उसनवारी उपयोगाची नाही, कारण दूरच्या आकाशगंगेची लहर मालकाचे जेवण आटोपेपर्यंत थांबत नाही. तिथली यंत्रे त्या एकाच कामाला बांधलेली. म्हणजे वाटपाचा नियम कामाचा स्वभाव पाहूनच ठरवायचा असतो.

पुढची वाटचाल वेगवान आहे. २००३ साली 'परम पद्म'ने एक टेराफ्लॉपचा टप्पा गाठला. २००७ साली पुण्यातल्या टाटांच्या सीआरएलमधला 'एका' जगाच्या यादीत चौथा आला. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या 'अर्क'चे आणि जीएमआरटीसाठीच्या 'परम रुद्र'चे लोकार्पण झाले. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. परम ८००० च्या कागदावरच्या वेगाच्या एक कोटीहून अधिक पट. ही सगळी यंत्रे आतून समूहच आहेत. त्यांच्या दाराशी वाटप करणारा बसलेलाच असतो आणि आतली यंत्रे एकमेकांशी एमपीआयच्या बोलीत बोलतात. तेहतीस वर्षांत वेग कोटीपट झाला, पण मांडणीचा पाया तोच राहिला.

आणि रांगही तीच राहिली. याबद्दल मला शेवटी थोडे बोलायचे आहे. महासंगणकावर काम पाठवणाऱ्याला रांगेत उभे राहावे लागते. हजार प्रोसेसर मागणाऱ्या मोठ्या प्रकल्पासाठी यंत्रे हळूहळू मोकळी करून राखून ठेवायची, की तोवर लहानांची कामे मधल्या फटीत सरकवून घ्यायची? ज्याने मागच्या आठवड्यात भरपूर वापर केला त्याला या आठवड्यात मागे ढकलायचे का? दूरच्या महाविद्यालयातल्या, मार्गदर्शकाचे नाव मोठे नसलेल्या विद्यार्थिनीचे काम मध्यरात्रीनंतर तरी लागेल याची हमी कोण देणार? हे नियम यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात आणि यंत्र फक्त पाळते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या महागड्या प्रोसेसरांची देशभर मागणी आहे आणि पुरवठा अपुरा आहे. तेव्हा हा प्रश्न पुन्हा तितक्याच निकडीने उभा आहे.

मी ज्या एका महाविद्यालयात शिकवत होतो तिथली प्रयोगशाळा संध्याकाळी सहाला कुलूपबंद होई. साठ संगणक रात्रभर गप्प. सहाव्या सत्रातल्या मुलांनी ते जोडून रात्री एखादे मोठे गणित चालवण्याची परवानगी मागितली, तर विजेचे बिल कोण भरणार आणि काही बिघडले तर सही कोणाची, हे प्रश्न पुढे आले. त्यांची उत्तरे देणे कुणालाच अवघड नव्हते. पण ते आपले काम आहे असे कोणाला वाटले नाही. यंत्र घेण्यासाठी समिती असते. घेतलेले यंत्र दहा जणांत नीट वाटण्यासाठी मात्र क्वचितच कोणाची नेमणूक होते.

म्हणून परमची गोष्ट मुलांना सांगताना तिचा दुसरा अर्धा भागही सांगावा असे मला वाटते. एक प्रोसेसर नाकारला गेला म्हणून आपण पुष्कळ जोडायला शिकलो, हे खरे. पण जोडल्यानंतर ते वाटावे लागतात, मागितल्यावर द्यावे लागतात, मालक आला की बिनबोभाट परत करावे लागतात आणि या साऱ्यात चालू काम बुडू द्यायचे नसते. ज्यांनी ही व्यवस्था ओळीओळीने लिहिली, त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. आपल्या गावांनी सावडीचे नियम कधी कागदावर उतरवले नाहीत, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, कारण बैल रिकामा उभा राहणे म्हणजे नुकसान, हे सगळ्यांना मान्य होते. ठाण्यातल्या आणि डोंबिवलीतल्या किती कचेऱ्यांत, किती महाविद्यालयांत आज रात्री बैल दावणीला रिकामे उभे असतील, त्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्यापुरता करून पाहावा.